साळवे सरांचा कान

केडगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या साळवे सरांना नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. डोळे मिटतात, मान तिरकी करतात आणि तुमच्या आवाजाची पट्टी सांगतात. "काळी दोन. कालचीच. जा आता." मग आपण ऑफिसला जायचं.

सर मूळचे नेवासा तालुक्यातले. चर्चमधल्या पेटीवर बोटं बसली, ती घेऊन मुंबईला गेले आणि जॅझमध्ये शिरले. हॉटेलात पियानो वाजवला, मग अठरा वादकांचा स्वतःचा बँड उभारला, त्याच्यासाठी रचना केल्या, हातात छडी घेऊन तो चालवला. ऊसगाड्यांच्या घुंगरांवर त्यांनी एक रचना बांधली होती. ती वाजवताना ट्रम्पेटवाले म्हणे बैलांसारख्या माना हलवायचे. पुढे पुण्यात संगीताचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी बेसूर झाला तरी ओरडत नसत. "घरातलं कुणी गेलं का?" एवढंच विचारत. निवृत्तीनंतर एकटेच केडगावात आले.

माझ्या स्कूटरचा हॉर्न त्यांना सोसवेना, म्हणून तीन महिने मी ती गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली. आमच्या कुकरच्या तिसऱ्या शिटीला मात्र ते खिडकीतून "वा!" म्हणत.

एकदा ते गिरणीत दळण आणायला गेले. गिरणीवाले ढगे मामा म्हणाले, "या सर, लई दिवसांनी."

सरांनी डोळे उघडले. "मामा, तुमची पट्टी उतरलीय. अर्ध्या सुरानं."

"उतरू द्या की. आवाज हाय त्यो, टाकीतलं पानी न्हाई."

सगळे हसले. चौथ्या दिवशी मामा गिरणीत बसल्या जागी गेले. महिन्याभरानं मागच्या गल्लीतल्या एका आजींना सरांनी तेच सांगितलं. त्या आठवडाही टिकल्या नाहीत. आता कुणी हसलं नाही.

तेव्हापासून सर दिसले की बोलणी थांबायची. भाजीवाली ओरडता ओरडता तोंडावर पदर धरायची. फोनवर बोलणारे फोन खिशात घालायचे. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या गल्लीतून सर चालत यायचे आणि त्यांच्या चपलांखेरीज काहीही ऐकू यायचं नाही. मीही नुसते हात जोडू लागलो. खोटं कशाला सांगू, भीती वाटायची.

एका रविवारी माझ्या बायकोनं, सुनंदानं, अंगणातून मला हाक मारली. सर फाटकापाशी थबकले.

"ताई, पुन्हा बोला."

"काय बोलू?"

सरांचा चेहरा उतरला. "दवाखान्यात जा. आजच."

मी भडकलो. "सर, आता आमच्या घरावर आलात का?" म्हणत धाडकन दार लावलं. आणि पाच मिनिटांनी स्कूटर काढली.

सुनंदाच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

ऑपरेशनची जखम भरल्यावर आम्ही दोघं सरांकडे गेलो. मी माफी मागितली.

"तालीम चालू होती," ते म्हणाले. "आमच्या रूथचा, बायकोचा, फोन आला. पट्टी उतरलेली. मला लगेच कळलं. मी म्हणालो, नीट सुरात बोल. आणि फोन ठेवला. तालीम पुरी करूनच घरी गेलो. तोवर ती संपली होती. आता ऐकू आलं की गप्प राहवत नाही. लोक घाबरतात, कळतं मला."

सुनंदा बोलायला लागली. आवाज घोगरा, तरी बोलतच सुटली. मेथीची जुडी, बहिणीची सून, खर्डा गावी तिच्या माहेरी विहिरीत पडलेली शेळी. मध्येच दम लागून थांबली.

"थांबू नका ताई," सर घाईनं म्हणाले. "पट्टी नाही बघत मी. शेळी निघाली का बाहेर?"