झुलालनाना गाडी पास करतो

झुलालनाना शोरूमात नवी गाडी पाहायला जातो तेव्हा सोबत एक पोतं वांगी, एक पत्र्याचा डबा भरून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि मला नेतो. पोतं आणि डबा गाडीच्या डिकीत ठेवतो, मला शेवटल्या शीटवर ठेवतो. मग सगळी दारं लावून बाहेरून काच वाजवतो आणि विचारतो, "भटू, जित्ता शे का?"

मी जित्ता असलो तर गाडी पुढच्या परीक्षेला बसते.

मी म्हणजे भटू. अमळनेरला राहतो, नानाच्या भिंतीला भिंत लागून. शाळा चौथीपर्यंत, पुढे जन्मभर कापसाच्या जीनमध्ये गाठी उचलल्या. गाडीतलं मला काही कळत नाही, आणि तसं मी शोरूमवाल्यांना पहिल्यांदाच सांगून टाकतो. पण मी लांबडा आहे. नानाचं म्हणणं असं की हा ताडासारखा माणूस मागे मावला तर देवळाचा खांबही मावेल. शिवाय माझी बायको शेवंता गेल्या दिवाळीच्या आधी वारली, तेव्हापासून मी ओट्यावरच बसलेला असतो. म्हणजे वांगी तरी बाजारातून आणावी लागतात, मी आयताच सापडतो.

नाना एस.टी.त कंडक्टर होता. अमळनेर, दोंडाईचा, धुळे, जळगाव, सगळीकडे फिरला. स्टेअरिंगला आयुष्यात हात लावला नाही. सायकलसुद्धा हातात धरून चालतो. पण गाडी कशी पाहावी यावर त्याचं एकच वाक्य आहे आणि ते तो शोरूमच्या दारातच सांगतो: "गाडी ड्रायव्हरनी नसस. गाडी शेवटला शीटवालानी ऱ्हास."

शोरूमातला माणूस बिचारा बॉनेट उघडायला धावतो. नाना बॉनेटकडे पाहतच नाही. तो गाडीला वळसा घालून मागे जातो, कमरेवर हात ठेवतो आणि गाडीचं बूड न्याहाळतो. बैलबाजारात लोक बैलाचे दात पाहतात, नाना शेपटी पाहील.

कंडक्टरकी अंगात मुरली की निघत नाही. लग्नाच्या पंगतीत तो वाढप्यांना "मधे जागा शे, माघे सरका" करतो. घरातही आडवा चालतो, कमर टेकत टेकत, जणू कपाट वळण घेणार आहे. शेवंताच्या अंत्ययात्रेत गल्लीत गर्दी झाली, तर तिथेही हा ओरडायला लागला, "चला, पुढे चला, दार मोकळं करा." मला तेव्हा राग आला होता. पण गल्ली अरुंद आहे, आणि खरं सांगायचं तर त्याच्यामुळेच ती कुठे न अडकता निघाली.

तर आता गाडी कशासाठी, ते सांगतो. नानाचा मुलगा प्रशांत नाशिकला कारखान्यात इंजिनियर आहे. त्याने ठरवलं की सात जणांची मोठी, भारीतली गाडी घ्यायची. तो, त्याची बायको, दोन पोरं, बायकोची आई (ती त्यांच्याकडेच राहते), नाना आणि नानाची बायको अक्का. "आबा, सगळे एका गाडीत बसू," तो फोनवर म्हणाला. "तुम्ही तिकडे शोरूममध्ये पाहून घ्या. तुम्ही पास कराल तीच घेणार."

झालं. इंजिनियर पोराने कंडक्टर बापाला परीक्षक नेमलं. पास करायची सवय कंडक्टरला नसते, पाससुद्धा तो उलटा-पालटा करून बघतो.

पहिली गाडी धुळ्याला पाहिली. छताला हे एवढं काचेचं भगदाड. शोरूमवाला पोऱ्या म्हणाला, "सर, बटण दाबलं की आकाश दिसतं." नाना म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे वैशाखात सूर्य पाहायला छत कापावं लागत नाही. तो स्वतःहून आत येतो." नापास.

दुसरीत पुढच्या शीटला पाठ चोळायचं यंत्र होतं. नाना बसला. यंत्राने पाठीत दोन-तीन गुद्दे घातले तसा तो ताडकन उठला आणि मागे कोण आहे ते पाहू लागला. मागे मी होतो, माझे गुडघे कानाला लागलेले. नाना त्या माणसाला म्हणाला, "पुढे बसणाऱ्याची पाठ चोळता, आणि मागच्या पाशिंजरला असा बांधून ठेवता? आमची व्याहीणबाई इथे बसवली तर घरी पोचेपर्यंत सोयरीक मोडेल." नापास.

तिसरीत सात माणसं बसवल्यावर डिकीत वांग्यांचं पोतं राहीना. पोतं ठेवलं तर डबा राहीना, दोन्ही ठेवलं तर झाकण लागेना. शोरूमवाला म्हणाला, "सर, मागची शीट पाडली की भरपूर जागा होते." नाना म्हणाला, "मग व्याहीणबाई वांग्यांवर बसेल?" सून नाशिकला परत निघते तेव्हा अक्का तिच्यासोबत वर्षभराच्या बिबड्या, डाळी, भरताची वांगी असं सगळं बांधून देते. ते मावत नसेल तर ती गाडी घरची नाही, असं नानाचं मत. हे मला पटलं. ज्वारीची बिबडी एकदा मोडली की ती बिबडी राहत नाही, भुगा होतो.

चौथी गाडी बोलणारी होती. पोऱ्या म्हणाला, "हिला मराठी समजतं, सर. बोलून पाहा." नाना वाकून म्हणाला, "माय, काच खाले कर." गाडी गप्प. नाना जरा मोठ्याने म्हणाला. गाडी म्हणाली, "क्षमस्व, मला समजले नाही." नाना खूश झाला. माझ्या कानात म्हणाला, "सून बी पहिला साल हाईच म्हने." पण ती गाडीसुद्धा नापास. का, तर आवाज फार थंड आहे म्हणे.

असं करत उन्हाळा सरला. श्रावण लागायला आला तसा प्रशांतचा फोन आला. नाना फोन मोठ्या आवाजावर ठेवतो, म्हणून मला सगळं ऐकू येतं. "आबा, कानबाईच्या सणाआधी मला गाडी हवी आहे. या रविवारी शेवटचं सांगा. नाहीतर मी आपली छोटी पाच जणांची घेऊन टाकतो. मग तुम्ही आणि आई पुन्हा एस.टी.नेच."

अक्का भांडी घासत होती. तिने पातेलं आपटलं. "माझे गुडघे एस.टी.च्या पायरीला आता येत नाहीत," ती म्हणाली. अक्काचं माहेर येवल्याचं, तिची बोली आमच्यासारखी झाली नाही. "रविवारी मी सोबत येते. आणि पास झाल्याशिवाय मी त्या शोरूममधून हलणार नाही."

रविवारी आम्ही जळगावला गेलो. मी, अक्का, पोतं, डबा आणि परीक्षक. शोरूमात एक तरुण पोरगी होती, हसरी. पोतं पाहून हसली नाही, उलट तिनेच एका बाजूने धरलं. गाडी काळीभोर, लांबलचक. नाना नेहमीप्रमाणे मागे गेला. पोतं ठेवलं. डबा ठेवला. झाकण लागलं. नानाने उघडून पुन्हा लावलं. पुन्हा लागलं.

मग अक्काची चढाई. पायरी खाली होती, मधल्या दोन शीटांच्या मधून वाट होती. अक्का निम्म्यात थांबली, पदर कशाला तरी अडकला. नाना मागून लोटायला लागला.

"ढकलू नका. मी काय पोतं आहे?"

"पोतं बोलत नही, येवढाच फरक शे."

"पोतं असतं तर तुमच्या घरात केव्हाच फाटलं असतं," असं म्हणत अक्का शेवटल्या शीटवर जाऊन बसली आणि टेकली. मग म्हणाली, "इथे झोप येते हो." अक्का कशालाही इतकं चांगलं म्हणत नाही.

ती उतरली, मी चढलो. पाय पसरले. पसरले, म्हणजे खरोखर पसरले. डोक्यावर टोपी होती, तीही छताला लागली नाही. वरच्या भोकातून गार हवा तोंडावर येत होती. शेवटल्या शीटला स्वतःची हवा. काच वाजली. "जित्ता शे का?" मी म्हटलं, "नाना, मी आता घरी येत नाही. जेवण इथेच पाठव."

पोरीने विचारलं, "मग सर, करायची ना पसंत?"

नानाने गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "रंग काळा आहे."

"पांढरी पण आहे, सर."

"पांढरी मळते."

"राखाडी आहे."

"राखाडी म्हणजे काय रंग आहे का? तो तर राखेचा."

"निळी?"

नाना नाक वर करून म्हणाला, "आत वास येतो. नव्या गाडीचा."

पोरगी माझ्याकडे पाहायला लागली. अक्का म्हणाली, "यांचं काय ते होऊ द्या, मला पाणी द्या," आणि तिकडच्या सोफ्यावर जाऊन बसली. मी आतूनच नानाला हाक मारली, "आठे ये. बस मनापान." तो आला आणि माझ्या शेजारी शेवटल्या शीटवर बसला. मी दार लावून घ्यायला सांगितलं. पोरीने लावलं.

मला आडवळणाने बोलता येत नाही. मी सरळ म्हटलं, "नाना, तुले गाडी लेवानीच नही."

नाना समोरच्या शीटच्या पाठीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "आते प्रशांत अन सून यष्टीवर येतस, भटू. धुयाले गाडी बदलतस. पोरं, पिशव्या, व्याहीणबाई. दमी जातस. दमी जातस म्हनीसन ऱ्हातस. कानबाईना रोट सरेपर्यंत ऱ्हातस."

मग त्याने शीटवर थाप मारली.

"हाई गाडी उनी का सकायमा येतीन, रोटना घास लेतीन, अन संध्याकायले नाशिक. आपली गाडी शे, कोन थांबई?" त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "रोट घरना बाहेर देता येत नही. टाकता बी येत नही. मी अन अक्का, दोन जन किती खासूत? तुले बी देता येत नही."

आमच्याकडे हे असंच आहे. कानबाईच्या नैवेद्याचे जाड रोट घरातल्या दर माणसामागे मूठ मूठ गहू घेऊन करतात, आणि ते त्याच घरातल्यांनी संपवायचे. भिंतीला भिंत असली तरी मी त्या घरातला नाही.

तो म्हणाला ते खोटं नव्हतं. माझी लेक जावयाच्या गाडीतून येते. दुपारी येते, शेवंताच्या फोटोला हार घालते, चहा करून पाजते, आणि उन्हं उतरायच्या आत जाते. गाडी गल्लीत वळेना म्हणून मागे मागे घेत जावई नेतो, तेवढा वेळ ती मला काचेतून दिसत राहते. मी ते नानाला सांगितलं. मग म्हटलं, "पन ती येस. तू छोटी गाडी ली देशी ते अक्का जाई का नाशिकले? तिना गुडघा पाह्यना का तू?"

बाहेर अक्का सोफ्यावर बसून दोन्ही हातांनी गुडघे चोळत होती. नाना ते पाहत होता. मग त्याने फोन काढला, मोठ्या आवाजावर ठेवला.

"बोला आबा," प्रशांत म्हणाला. "पास का नापास?"

"पास," नाना म्हणाला. मग खाकरला, आणि कंडक्टर साहेबांपुढे बोलतो तशा सुरात म्हणाला, "पोतं मावतं. डबा मावतो. आई बसली, तिला झोप आली. भटू बसला, उतरत नाही. हवा मागेसुद्धा येते. फक्त एक गोष्ट आहे."

"काय?"

"ही गाडी लांबून आली की लगेच माघारी नेता येत नाही. इंजिन निवावं लागतं. एक मुक्काम करावाच लागतो. कंपनीचा नियम आहे."

मधल्या दाराची काच अर्धी खाली होती. बाहेर उभ्या असलेल्या पोरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते मिटलं.

फोनमध्ये काहीच आवाज येईना. मला वाटलं, कट झाला. पलीकडे इंजिनियर होता, आणि नाशिक काही दिल्ली नव्हे.

मग प्रशांत म्हणाला, "एकच मुक्काम? एवढी मोठी गाडी आहे, आबा. दोन तरी लागतील. विचारा ना त्यांना."

नानाने मधल्या शीटवरून मान पुढे काढून काचेतून विचारलं. "बाई, दोन मुक्काम केले तर चालेल का गाडीला?"

"चालेल, बाबा," ती म्हणाली. मघापासून सर म्हणत होती. "उलट जास्त चांगलं असतं."

"जास्त चांगलं असतं म्हने," नानाने फोनमध्ये सांगितलं आणि ठेवून दिला. चष्मा काढला. तो पुसायला त्याला टोपी सापडेना, मांडीवरच होती. मी ती त्याच्या हातात दिली.

मी उतरलो, दार लावलं, आणि त्या पोरीला म्हटलं, "आता चहा सांग. साखर जास्त. नानाला उतरायला जरा वेळ लागेल."