आधी मोरी बघणारं आप्पा मेंबर

आप्पा मेंबर कुणाच्या बी घरात आलं की आधी माणसं बघत न्हाईत, मोरी बघत्यात. तांब्याभर पाणी मागायचं, प्यायचं न्हाई, मोरीत वतायचं आन् वाकून बघत ऱ्हायाचं. पाणी गपकन गेलं की मग तोंड वर करून, "हां, उतार हाय. बरं हायसा न्हवं समदी?"

भाचीसाठी पोरगा बघायला गेलं तवा बी त्येच. पोरगा नवा शर्ट घालून भाईर बसलाय, आन् आप्पा मोरीत! भाईर येऊन म्हणालं, "स्थळ सोडू नगा. पाण्याला उतार हाय." लगीन झालं, पोरगी सुखात हाय, म्हणून आता त्यास्नी कोण हसत न्हाई.

आप्पा आमच्या वॉर्डाचं नगरसेवक. कराडच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गाव, बघता बघता शहर झालंय. रोज नवा प्लॉट, रोज नवी बिल्डिंग. कुणाला कमान पायजे, कुणाला चौकात कारंजं. आप्पांचं एकच, "पयलं गटार! कमान न्हाई म्हणून कोण पडलंय का?" कुठली गटार कवा झाकायची त्येची यादी खिशात. नंबर कुणासाठी हलत न्हाई. सख्खी भन त्यापायी दोन वर्सं भाऊबीजंला आली न्हाई. सोत्ताचं घर यादीत शेवटचं.

माझं म्हायेर माणदेशातलं. तिथं व्हायला पाणीच न्हाई, तर गटार कुठली? हितं भाड्यानं खोली घेतली तर दारातच ही खोल गटार, वरची फरशी खडीच्या डंपरनं मोडल्याली. आन् माझी परी नुकतीच रांगाय लागल्याली! मी भाकरी थापू का दार धरू? शेवटाला जुन्या साडीचा काठ फाडला आन् तिला खाटंच्या पायाला बांधली.

एक दिस आप्पा आलं. मोरी बघितली, उतार बघितला, मग परी दिसली.

"आगं, करडू हाय व्हय बांधायला?"

मला रडूच फुटलं. "आवं आप्पा, करडू उडी मारून जाईल, ही कशी जाईल? दारात गटार हाय, मी न्हाणीत गेले तरी माझं ध्यान दाराकडं, घास गिळंना मला, काय करू सांगा की!" समदं एका दमात.

आप्पांनी यादी काढली. बोट खाली खाली गेलं. "तुमच्या बोळाचा सातवा नंबर. मोडता येत न्हाई, पोरी." आन् गेलं की!

शेजारची हौसाकाकी म्हणाली, "सख्ख्या भनीचं ऐकलं न्हाई, तुझं ऐकत्यात व्हय?"

दुसऱ्या दिशी सकाळी बोळात हातगाडा खडखडला. आप्पा सोत्ता ढकलत हुतं. वर हा थोरला धुण्याचा दगड, मधी झिजून गुळगुळीत झाल्याला.

हौसाकाकीनं तोंडाला पदर लावला. "आगं बया, वैनींचा दगड!" आप्पांची बायकू जाऊन चार वर्सं झाली. तवापासनं त्या दगडावर ते कुणाला बसू बी देत न्हवतं, म्हणं.

मग काकीनं टोमणा मारलाच, "काय आप्पा, यादी मोडली?"

"यादी फरशीची हाय. दगड माझ्या घरचा हाय."

माझ्या मालकानं हात लावला. दगड गटारीवर बसला. आप्पांनी तांब्या मागितला, पाणी वतलं. उतार हुता. तरी खाली बारक्या दगडाच्या कपऱ्या ठोकत बसलं. पाय दिऊन बघायचं, परत ठोकायचं. आता काय हलत न्हवता त्यो.

"ती लय सांगायची," आप्पा खाली बघूनच म्हणालं, "दगड डुगडुगतोय, एक कपरी लावा. मी म्हणायचो, आधी गावाची गटारं हुंदीत."

मग उठलं, हात झाडलं. "पोरी, एखादं बाळुतं हाय का धुवायचं?"

एक का, ढीग पडला हुता! मी एक भिजवून आपटलं. धप्प. धप्प. आप्पा आमच्याकडं पाठ करून, गाड्याचा दांडा धरून ऐकत उभं ऱ्हायलं.

बाळुतं कवाच सोच्छ निघालं हुतं. मी आपटतच ऱ्हायले. काठ सोडल्याली परी सुटी रांगत उंबऱ्यापतूर आली, आन् मी तिला येऊ दिली.