जर्मनीला जायची खीर

मी गोड खाणारा माणूस नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. समोर आलं तर खातो. (समोर वारंवार येतं, त्याला मी काय करणार?) हे आत्ताच सांगून ठेवतोय, कारण पुढची हकीकत वाचून तुम्ही सगळा ठपका माझ्यावर ठेवाल. आमच्या घरात तो ठेवून झालेला आहे.

मी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कोबॉल लिहितो. कोबॉल ही कॉम्प्युटरची फार म्हातारी भाषा. ऑफिसातल्या पोरांना ती येत नाही आणि शिकायची त्यांना लाज वाटते. त्यामुळे मला कुणी कधी काढलं नाही आणि कुठे पाठवलंही नाही. पोरं अमेरिकेला जाऊन यायची, चॉकलेटं वाटायची आणि मी ती खायचो. अशी बरीच वर्षं गेल्यावर जर्मनीतल्या एका बँकेची म्हातारी सिस्टीम आजारी पडली आणि कंपनीला माझी आठवण झाली. वर्षभर जर्मनी! मी त्या दिवशी मांजरी गावातल्या घरी येईपर्यंत बाइकवर एकटाच हसत होतो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला सारखा वाकून आपल्या रिक्षाकडे बघत होता, काही लोंबकळतंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, एचआरमधल्या भाग्यश्रीने मला बोलावलं.

"सर, उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन या. रविवारीही उघडी असते. विम्यासाठी शुगर तपासायचीय."

"विमा कशाला? मी मरायला जात नाहीये."

"तब्येतीचा विमा, सर. तिकडे तात्पुरतं कामाला जाणारा आजारी पडला तर खर्च कोण करणार? म्हणून विमा नसेल तर व्हिसा नाही. आणि चाळिशीच्या पुढच्या माणसाला विमा कंपनी तपासल्याशिवाय विमा देत नाही."

"मला साधी सर्दी होत नाही."

"मग उद्याच जा."

"पुढच्या आठवड्यात जातो. उद्या सासऱ्यांकडे जेवायला बोलावलंय."

बस. एवढंच बोललो. एका जेवणासाठी तपासणी पुढे ढकलली. भाग्यश्री म्हणाली, "बघा सर, तेजसला राखीव ठेवलंय." तेजस म्हणजे माझ्याच हाताखाली कोबॉल शिकलेला पोरगा. वय असं, की विमा कंपनी त्याला तपासतसुद्धा नाही. मी हसलो. आत्मविश्वास होता ना.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. आम्ही बौद्ध. चांगल्या कामाला निघताना आमच्यात मुहूर्त नाही, नारळ नाही. वंदना होते आणि खीर होते. वंदना थोडक्यात आटपते. खिरीचं तसं नाही. माझे सासरे रामदासराव पोस्टातून निवृत्त झालेले, विश्रांतवाडीला राहतात. त्यांनी स्वतःच्या हाताने खीर वाढली, आणि मी वाटी संपवायच्या आत पुन्हा भरली.

"बास झालं, बाबा."

"अभयराव, तथागतांनीसुद्धा खिरीला नाही म्हटलं नव्हतं."

(तथागतांनी त्याआधी कित्येक दिवस काही खाल्लं नव्हतं. मी सकाळीच मिसळ खाल्ली होती.)

ही बातमी हडपसरच्या हिरा आत्याकडे पोचली. हिरा आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "रामदासरावांनी खिरीत काय घातलं होतं?"

"शेवया."

"शेवया," आत्या म्हणाली, आणि आत कुणाला तरी ओरडून जास्तीचं दूध घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, "मंगळवारी इकडे ये."

मंगळवारी तांदळाची खीर होती, आटवलेल्या दुधातली, चारोळी घालून. ते सासऱ्यांना कळलं. त्यांनी गव्हाची केली. मग माझा चुलतभाऊ, मग बायकोची मावशी. माणूस वर्षभर जाणार, तर न जेवता कसा जाईल? ऑफिसात केक कापला. मी जेवत गेलो. आग्रह मोडायचा नाही असं मला लहानपणापासून शिकवलंय, आणि शिकवलेल्यापैकी एवढं एकच माझ्या लक्षात राहिलंय.

शेवटी लॅबमध्ये गेलो. रिपोर्ट घेऊन विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"एवढी शुगर?"

"मी गोड खात नाही हो."

बाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "मग तुमच्या नावावर दुसरं कुणीतरी खातंय. येत्या शुक्रवारी परत तपासा. खाली आली तर विमा देऊ. नाही आली तर आमचा आणि तुमचा वेळ वाचेल."

घरी आलो. माझी बायको शर्मिला शाळेत शिकवते, त्यामुळे तिच्यासमोर रिपोर्ट ठेवताना मला प्रगतिपुस्तक दाखवल्यासारखं झालं. तिने बिनपगारी रजा मंजूर करून घेतली होती. मी तिकडे स्थिरावलो की तीही येणार होती. तिला बर्फ बघायचा होता. आयुष्यात एकदा तरी बर्फ पडताना बघायचा, असं लग्नाआधीपासून म्हणत होती, आणि त्यासाठी घोट्यापर्यंत येणारा लोकरी कोट आणून ठेवला होता. तो कोट दाराच्या खुंटीला टांगलेला होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

"सगळ्यांना फोन करून सांगा, शुगर निघालीय म्हणून," ती म्हणाली.

"काय सांगू? ज्यांनी एवढ्या मायेने खीर घातली, त्यांनाच सांगू की तुमच्या खिरीने माझा व्हिसा अडला?"

"हो."

"बरं दिसेल का ते?"

"अहो, मग कारल्याचा रस प्या."

कारल्याचा रस सुरू झाला. भिजवलेली मेथी सुरू झाली. पहाटे चालणंही सुरू झालं. पण पुण्यात गुपचूप चालता येत नाही. पहिल्याच दिवशी गेटवर खालच्या मजल्यावरचे उत्तरेश्वर भेटले. आमची सोसायटी ज्या उसाच्या शेतात उभी आहे ते शेत त्यांचंच. अर्धं बिल्डरला दिलं, अर्ध्यात अजून ऊस आहे.

"काय साहेब, चालताय व्हय?"

"जर्मनीत फार चालावं लागतं. सवय करतोय."

"मग मी बी येतो की. एकट्याला कटाळा येतो."

ते आले. भरभर चालले. मला धाप लागली. त्यांच्या शेताशी पोचलो तर बांधावर गड्याने चरक लावलेला. उत्तरेश्वरांनी फेसाळता ग्लास माझ्या हातात दिला. "घ्या. आपलाच ऊस हाय. तिकडं जर्मनीत कुठला मिळायचा?"

आता नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार, आणि उत्तरेश्वरांना सांगितलं की सगळ्या मांजरी गावाला कळलं. घेतला. रोज घेतला. (उसाचा रस हे पेय आहे, गोडधोडात मोडत नाही, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं.) घरी येऊन मेथी खायचो, म्हणजे फिट्टंफाट.

शुक्रवार उजाडला. शर्मिलाची सकाळची शाळा. जाताना दारात थांबून म्हणाली, "तोंडात काही घालायचं नाही. पाणी चालेल. मी बाबांना आणि आत्यांना फक्त एवढंच सांगितलंय की आज व्हिसाचं काम आहे."

"का सांगितलंत?" मी अजून झोपेत होतो, बायकोला अहोजाहो करायला लागलो.

ती गेली. मी बूट घालत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात रामदासराव, हातात डबा. त्यांच्या मागे हिरा आत्या, हातात त्याहून मोठा डबा. दोघं लिफ्टमध्ये भेटले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

"व्हिसाच्या कामाला निघालात," सासरे म्हणाले. "म्हटलं, खीर न घेता कसे जाणार?"

"बाबा, आज उशीर झालाय."

"आपल्यात शकुन-अपशकुन काही मानत नाहीत, अभयराव. पण माझा साडू एकदा खीर न खाता निघाला आणि त्याची गाडी दौंडला बंद पडली. हा आपला एक अनुभव सांगितला."

मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. शपथेवर सांगतो. पण मी तोंड उघडलं हे आत्याला दिसलं, आणि तिने चमचा आत घातला.

आता तोंडात खीर आली. ती थुंकणार कुठे? गिळली. मग एकीची खाल्ली आणि दुसऱ्याची नाही, असं करून चालत नाही. मग आत्या म्हणाली, यांची जास्त घेतलीस. असं करत करत दोन्हीकडची बरोबरी झाली. उरलेली खीर आत्याने एका डब्यात भरली आणि माझ्या पिशवीत टाकली. वाटेत खायला.

लॅबमधल्या पोराने माझ्या दंडाला पट्टा बांधला. "रात्रीपासून काही खाल्लं का?"

"नाही."

"मिशीला चारोळी आहे, काका."

मी मिशी पुसली. "कालची असेल."

त्याने माझ्या मांडीवरच्या पिशवीत डोकावून पाहिलं. "रक्त आत्ता घेऊ, की डबा संपवून बसताय?"

"आत्ताच घे. आज शुक्रवार आहे."

संध्याकाळी विमा कंपनीच्या बाईंनी नवा रिपोर्ट वाचला. या वेळी चष्मा पुसला नाही.

"गेल्या वेळेपेक्षा वाढलीय. आठवडाभर काय केलंत?"

"रोज चाललो."

"कुठे, मिठाईच्या दुकानात?"

विमा मिळाला नाही. त्यामुळे व्हिसा नाही, त्यामुळे तेजस गेला. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमच्यामुळे जातोय." पोरगं मनापासून बोलत होतं, म्हणून मी त्याला नीट जा म्हणालो.

शर्मिलाला घरी सगळं सांगितलं. तिने तो कोट खुंटीवरून काढला आणि घडी घालायला लागली. घडी काही बसेना, फारच जाड होता. मला तिच्याकडे बघवेना. खरं सांगतो, जर्मनी हुकली याचं मला फार वाटलं नाही. तिचा बर्फ माझ्या एका चमच्यापायी गेला, याचं फार वाईट वाटलं. तसं मी तिला म्हणालोसुद्धा.

"एक चमचा?" ती म्हणाली. आणि मग हसली, कशीबशी. "जाऊ दे. कोट परत घेत नाहीत ते. सेलमधला आहे."

मग नातेवाईक सुरू झाले. पुण्यात निरोपाचं जेवून जो माणूस जात नाही, त्याने निदान घराबाहेर तरी पडू नये. मी मेथीची जुडी घेत असताना बायकोची मावशी भाजीबाजारात भेटली. "अय्या, जर्मनीतसुद्धा मेथी मिळते वाटतं," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. चुलतभाऊ रोज फोन करून तिकडच्या हवामानाची चौकशी करायला लागला. सासरे नुसते घड्याळाकडे बघायचे. मी ऑफिसला आडरस्त्याने जायला लागलो.

शेवटी हिरा आत्यानेच तोड काढली. "अभ्या, जाण्याचं जेवलास. आता आल्याचं जेव, म्हणजे विषय संपला. रविवारी दोघं या. सगळ्यांना बोलावलंय."

डिसेंबर होता, बाइकवर थंडी वाजत होती. शर्मिला तो घोट्यापर्यंतचा कोट घालून आली. सगळे जमले होते. आत्याने सगळ्यांना खीर वाढली. माझ्यासमोर कारल्याची भाजी ठेवली आणि वाटी उपडी घातली. मी मुकाट्याने जेवायला लागलो.

एवढ्यात शेजारच्या यमुनाबाई डोकावल्या. "हिराबाई, आज काय विशेष?"

"भाचा आलाय, जर्मनीहून. त्याचं जेवण," आत्या म्हणाली. घराण्याच्या अब्रूसाठी म्हातारी धडधडीत खोटं बोलली. मला भरून आलं.

यमुनाबाईंनी शर्मिलाच्या कोटाकडे बराच वेळ कौतुकाने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या ताटातल्या कारल्याकडे पाहिलं.

"सूनबाई आलेल्या दिसतात तिकडून," त्या म्हणाल्या. "आणि हे त्यांना विमानतळावर आणायला गेले होते का?"

एवढं मात्र आत्याला खोटं बोलवेना.

"नाही," ती म्हणाली. "तो लॅबपर्यंतच गेला होता."