मुद्देमाल क्रमांक सहा

चक्रीवादळानंतर खारवेळ पोलीस ठाण्याने अडकलेल्या पर्यटकांना बेवारस मुद्देमाल म्हणून जमा करून घेतलं. ज्याचा असेल त्याने सात दिवसांत ओळख पटवून घेऊन जावं, अशी नोटीस दारावर लागली.

पर्यटक अकरा होते. पूल वाहून गेला होता, लॉजवर छप्पर उरलं नव्हतं. पोलिसांनी नेलं नसतं तर त्यांचे हालच झाले असते. ठाण्याच्या मागच्या खोलीत सतरंज्या होत्या, दोन वेळा पेज मिळायची आणि हवालदार साळवी सगळ्यांशी अदबीने बोलायचे. रोज सकाळी ते प्रत्येकाच्या मनगटाला बांधलेल्या चिठ्ठीवरचा नंबर वाचून वहीत खूण करायचे.

उमरग्याच्या सुनंदा बिराजदार सहा नंबर होत्या, त्यांचे पती काशिनाथ पाच. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर दोघं पहिल्यांदा समुद्र बघायला आले होते. हे माझे यजमान आहेत, आम्ही एकमेकांना सोडवून घेतो, असं सुनंदाबाईंनी पहिल्याच दिवशी उपनिरीक्षक घरत यांना सांगितलं.

"मुद्देमालाला मुद्देमालावर हक्क सांगता येत नाही, बाई," घरत म्हणाले. "बाहेरचं कोणी येऊ दे."

तिसऱ्या दिवशी गावातली सुगंधा पावसे घराचे उडालेले पत्रे शोधत ठाण्यात आली. वादळाच्या आदल्या दिवशी होडी घेऊन गेलेला तिचा नवरा परतला नव्हता. पत्रे काही मिळाले नाहीत. निघताना तिने मागच्या खोलीत डोकावलं आणि काशिनाथांकडे बराच वेळ पाहिलं.

"हे आमचे," ती म्हणाली.

साळवींनी ओळखीची खूण विचारली. जिभेखाली डाव्या बाजूला तीळ आहे, असं तिने सांगितलं. काशिनाथांनी तोंड उघडलं, साळवींनी बॅटरी मारली. तीळ होता.

सुनंदाबाईंनी हरकत घेतली. घरतांनी ती लेखी मागितली, बसायला स्वतःची खुर्ची दिली. बाईंनी लिहिलं, साखरेची गोळी दोनदा घेतात, घोरतात, चहा बशीत ओतून पितात, रागावले की दिवसभर बोलत नाहीत. घरतांनी कागद दोनदा वाचला. असे तर या खोलीत चौघं आहेत, मी स्वतःही असाच आहे, ते म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती.

काशिनाथ उठून सुगंधाजवळ उभे राहिले. आता ते काहीतरी बोलतील, असं सुनंदाबाईंना वाटलं. ते बोललेही. शेळ्या सापडल्या का, असं त्यांनी सुगंधाला विचारलं. दोन सापडल्या, ती म्हणाली. मग दारातून ते सुनंदाबाईंकडे वळले.

"काळजी करू नका. तुमचंही कोणी येईलच."

बावीस वर्षांत त्यांनी सुनंदाबाईंना कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

खोली रिकामी होत गेली. सहाव्या दिवशी नदीवर तराफा सुरू झाला आणि सुनंदाबाईंचा धाकटा भाऊ मल्लिनाथ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला येऊन पोचला. अक्का, अशी हाक मारून तो दारातच रडायला लागला. सुनंदाबाईंनी पिशवी भरून ठेवली.

साळवींनी खूण विचारली. उजव्या कोपराखाली पाच टाक्यांचा व्रण, मल्लिनाथ म्हणाला. लहानपणी अक्का बैलगाडीतून पडली, मीच ढकललं होतं.

साळवींनी बाही वर केली. कोपर स्वच्छ होतं. सुनंदाबाईंनी स्वतः बोट फिरवून पाहिलं. सकाळी अंघोळीच्या वेळी व्रण होता. मल्लिनाथने डावा हातही पाहिला, मग हात हळूच खाली ठेवला.

"माफ करा ताई. माझा गैरसमज झाला."

पलीकडे नाशिकच्या कुमुद वाघचौरे बाह्या दुमडून सतरंजीची घडी घालत होत्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, मागेपुढे कोणी नसलेल्या. त्यांच्या उजव्या कोपराखाली व्रण होता. साळवींनी टाके मोजले. पाच भरले. कुमुदबाईंनी मल्लिनाथच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईचे गुडघे आता कसे आहेत, म्हणून विचारलं.

"मल्ल्या," सुनंदाबाई म्हणाल्या, "तू ढकललं नव्हतंस. मीच उडी मारली होती. अप्पांना भिऊन तुझं नाव सांगितलं."

मल्लिनाथ थांबला. "हे तुम्हाला कसं माहीत?"

"मीच बोलले असेन," कुमुदबाई म्हणाल्या. "सहा दिवस एकत्र होतो आम्ही." आणि त्याचा हात धरून त्या बाहेर पडल्या.

घरतांना वाईट वाटलं. त्यांनी स्वतः चहा आणून दिला. उद्या मुदत संपते, मग वस्तू सरकारजमा होते, असं ते म्हणाले. सरकार त्याचं काय करतं, असं सुनंदाबाईंनी विचारलं.

"वापरात आणतं," घरत म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी सुनंदाबाई जाग्या झाल्या तेव्हा ठाण्यातली कोणती किल्ली कोणत्या कपाटाची हे त्यांना ठाऊक होतं. दुपारी फोनची लाइन जोडली गेली आणि लगेच पहिला फोन आला. उमरग्याहून एक गृहस्थ बोलत होते. बहीण सुखरूप घरी पोचली, आई फार खूश आहे, साहेबांना आमचे आभार कळवा, असा त्यांचा निरोप होता.

सुनंदाबाईंनी निरोप कागदावर उतरवून घेतला, खाली वेळ टाकली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.