सेनेफची लढाई नक्की कोण जिंकलं?

"रफीकच्या हातात भिंग देऊ नको गो," शेजारच्या इस्मतभाभींनी मला बजावलं होतं. भिंगच तर आहे, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

रफीक म्हणजे माझे मिस्टर. सौदीतल्या हुफूफमध्ये एसी दुरुस्त करतात. स्वतःची ओळख मात्र अशी करून देतात : "आखातातला एकमेव कोकणी डिटेक्टिव्ह. गुन्हा माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नाही." तीन वर्षांत एकही केस आली नव्हती, त्यामुळे हे खरं असावं.

बुधवारी केस आली. आमच्या नूरैनची शाळेच्या क्विझची फायनल एका मार्काने हुकली. प्रश्न होता, १६७४ची सेनेफची लढाई कोण जिंकलं? तिने लिहिलं, फ्रेंच. टीचर म्हणाल्या, डच. शनिवारी सकाळपर्यंत पुरावा आणला तर मार्क मिळणार होता. पोरगी उशीत तोंड खुपसून पडलेली. मी सारखी तिच्या कपाळाला हात लावून बघत होते. ताप नव्हता, म्हणून तर जास्त काळजी वाटत होती.

यांनी लायब्ररीतून आणलेल्या दोन पुस्तकांवर भिंग फिरवलं. एकात फ्रेंच जिंकलेले, दुसऱ्यात डच.

"एक पुस्तक खोटं बोलतंय."

"कुठलं?"

"जाडं. खोटं बोलायला जागा लागते."

मग कंपनीतल्या डच इंजिनियरला फोन. तो म्हणाला, आम्ही जिंकलो. फ्रेंच इंजिनियर म्हणाला, आम्ही.

"दोघांनीही पटकन उत्तर दिलं," हे कुजबुजले. "आधीच ठरवून ठेवलंय."

"अहो, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं?"

"कट जुना आहे."

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत यांचा निष्कर्ष निघाला : लढाई झालीच नव्हती.

नूरैनने उशीतून डोकं वर काढलं. "अब्बा, लास्ट जुम्म्याची क्रिकेट मॅच कोण जिंकलं?"

"आम्ही. रत्नागिरी."

"मॅच तो खतम ही नहीं हुआ! धुळीचं वादळ आलं, सब भाग गए."

"भागलो नाही. माघार घेतली."

"पण रायगडवाल्यांनी जिंकल्याची बिर्याणी वाटली," मी म्हटलं. "त्यांच्या कादिरभाईंनी आपल्याकडेही पाठवली होती."

"तुम्ही खाल्लीत?"

"तुम्हीही खाल्लीत."

नूरैनने जाडं पुस्तक ओढलं, पान उलटलं आणि वाचून दाखवलं : अंधार पडल्यावर लढाई थांबली, आणि दोन्ही बाजूंनी आपणच जिंकल्याचं जाहीर केलं.

पान उलटायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

शनिवारी मार्क मिळाला. नूरैन फायनलला गेली, आल्यावर पोटभर जेवून झोपली. पण यांनी तोवर मॅचची केस उघडली होती. कादिरभाईंकडून कबुलीजबाब घ्यायला म्हणून दुपारी गेले, ते अजून आलेले नाहीत. फोनही उचलत नाहीत. पोरीला एकटं टाकून मला निघता येत नाही. तुम्ही खजूर बाजाराच्या बाजूला राहत असाल, तर कादिरभाईंच्या दारात जरा डोकावून याल का? आमचे ठीक आहेत ना, जेवलेत का, एवढंच बघा. कोण जिंकलं ते मात्र विचारू नका.