वालावलकरांचा फळा

वालावलकरकाका विरामचिन्हांसकट बोलत. "वसंता स्वल्पविराम आईला सांग की उद्या नळ पावणेसहाला येणार पूर्णविराम," असं त्यांनी मला जिन्यापाशी अडवून सांगितलं, तेव्हा आम्हांला मुलुंडच्या त्या चाळीत बिऱ्हाड करून दोनच दिवस झाले होते. मी घरात जाऊन आईला त्यांचं वाक्य तसंच्या तसं ऐकवलं. आई म्हणाली, "बरा आहे ना रे तो माणूस?"

माणूस उत्तम होता. तीस वर्षं फोर्टातल्या एका कंपनीत साहेब सांगेल ते लिहून घ्यायचं काम त्यानं केलं होतं. साहेब बोलताना स्वल्पविराम, पूर्णविरामही तोंडानं सांगे. पेन्शनीत निघाल्यावर साहेब गेला आणि त्याच्या जागी रेडिओ आला. त्या काळी रेडिओवर एक बातमीपत्र मुद्दाम सावकाश सांगितलं जाई. गावोगावच्या छोट्या वर्तमानपत्रांनी ते ऐकून उतरवून घ्यावं म्हणून. निवेदक एक तुकडा बोले, थांबे, तोच तुकडा पुन्हा बोले. घरात बसून हे ऐकणं म्हणजे शिक्षाच. काका मात्र रोज दुपारी मांडीवर फळी घेऊन ते अक्षरन् अक्षर उतरवून घेत आणि जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहून काढत. त्यांच्याकडे कुठलं वर्तमानपत्र छापलं जात नव्हतं, पण सरकार इतक्या सावकाश सांगतंय तर कुणीतरी लिहून घ्यायला नको का, असा त्यांचा सवाल होता.

चाळीत रेडिओ एकच, तो त्यांचा. तळमजल्यावर आमच्या शेजारची खोली. बायको लग्नानंतर चारच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे खोलीत रेडिओ, खाट आणि पाण्याचं पिंप एवढाच संसार. रेडिओला खुर्ची होती. काका स्वतः जमिनीवर बसत. संध्याकाळच्या बातम्यांना पंधरा-वीस माणसं जमायची. बटण फिरवल्यावर आतल्या नळ्या तापायला मिनिटभर लागायचं, तेवढ्यात काका सगळ्यांवरून नजर फिरवत आणि म्हणत, "कारखान्यातले सायकलवाले आले नाहीत अजून पूर्णविराम. थांबू या प्रश्नचिन्ह" जणू त्यांच्या हुकुमाशिवाय दिल्लीतला माणूस तोंड उघडणार नव्हता. निवेदक 'नमस्कार' म्हणाला की काका हात जोडून उलट नमस्कार करत. बातम्या चालू असताना कुणी खोकला तर ते त्याच्याकडे असे बघत की तो पुढचा खोकला बाहेर व्हरांड्यात जाऊन काढे.

पाच-सहा वर्षं असं बरं चाललं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिरोडकरांचा मेव्हणा बोटीवरून आला तो हातात मावेल एवढा ट्रान्झिस्टर घेऊन. तार नको, एरियल नको, तापायची वाट बघायला नको. शिरोडकर तो कानाला लावून नळावर येऊ लागले, संडासच्या रांगेत उभे राहू लागले. वर्षभरात आणखी चार घरांत मोठे रेडिओ आले, हप्त्यानं. सिलोनची गाणी एकदा घरात यायला लागल्यावर बातम्यांसाठी काकांच्या चटईवर मांडी घालून कोण बसणार? विसाची दहा माणसं झाली, दहाची तीन, आणि एका संध्याकाळी मी एकटाच होतो. काकांनी तरी नेहमीसारखी खोलीभर नजर फिरवली. म्हणाले, "सुरू करू या पूर्णविराम."

मला त्यांची दया आली असेल असं तुम्हांला वाटेल. खरं सांगायचं तर मला तिथून सुटावं कसं याची काळजी पडली होती.

पण काका हार मानणारे नव्हते. एक दिवस शिरोडकर व्हरांड्यात ट्रान्झिस्टर नाचवत म्हणाले, "काय वालावलकर, तुमच्या त्या पेटाऱ्याची वाट लागली ना आता?"

"का म्हणून?"

"अहो, ह्यात सगळं येतं. दिल्ली, सिलोन, सगळं."

"मग मला सांगा, उद्या नळ कधी येणार ते येतं का त्यात?"

शिरोडकर हसले. "ते कसं येईल?"

"वखारीत कोळसा ओला आहे की सुका, ते येतं?"

"काहीतरी काय!"

"मग कसलं सगळं येतं हो शिरोडकर!" काका म्हणाले आणि आत गेले. रागाच्या भरात विरामचिन्हं राहूनच गेली.

त्याच आठवड्यात त्यांनी रेडिओ स्टेशनला पत्र लिहिलं. दर सोमवारी पाच मिनिटं मुलुंडसाठी ठेवावीत, मंगळवारी घाटकोपरसाठी, बुधवारी अंधेरीसाठी. माणसाला स्वतःच्या गल्लीतलं काही कळलं तर तो रेडिओ कधीच बंद करणार नाही, मग यंत्रं किती का बदलेनात. मला ती सूचना तेव्हा वेडगळ वाटली. आज वाटत नाही. स्टेशनकडून छापील कार्ड आलं, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. काकांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं आणि म्हणाले, "त्यांना उशीर लागेल स्वल्पविराम तोवर आपण सुरू करू पूर्णविराम."

आणि खरंच सुरू केलं. वॉर्ड ऑफिसच्या शिपायाला गाठून नळाच्या वेळा आणायच्या, वखारीत जाऊन कोळशात हात घालून बघायचा, डासांवर डीडीटी फवारणारी माणसं कुठल्या गल्लीत कधी येणार ते विचारून ठेवायचं. शिवाय दुपारी चार वाजता वही घेऊन चाळीतलं एकेक दार वाजवायचं आणि विचारायचं, "काही विशेष?" कुणाचा मुलगा पास झाला, कुणाच्या गावाहून फणस आला, कुणाची सासू पडली, सगळं वहीत. संध्याकाळी रेडिओच्या बातम्या संपल्या की काका रेडिओ बंद करत, खुर्चीमागे उभे राहत आणि निवेदकाच्याच आवाजात चाळीच्या बातम्या सांगत. प्रत्येक तुकडा दोनदा.

लोक परत येऊ लागले! शिरोडकरसुद्धा आले, ट्रान्झिस्टर खिशात घालून. स्वतःचं नाव त्या खुर्चीमागून ऐकू आलं की माणसं लाजायची, शेजारच्याला कोपरानं ढोसायची. माझ्या आईचा मोरावळा एकदा बातम्यांत आला, तर ती आठवडाभर खुशीत होती.

मग पेडणेकरवहिनींचं प्रकरण झालं.

पेडणेकरवहिनी पहिल्या मजल्यावरच्या. नवरा गेलेला, शिवणकाम करून मुलीला, कुंदाला, मॅट्रिक केलेलं. एका रविवारी कुंदाला बघायला ठाण्याची माणसं आली. काका व्हरांड्यात बसून सारं बघत होते. जाताना मुलाच्या बापानं वहिनींच्या हातच्या पोह्यांची तारीफ केली आणि उरलेले पोहे चक्क डब्यात भरून मागून नेले. काकांच्या हिशेबी ज्या घरचे पोहे डब्यात भरून नेले त्या घराशी सोयरीक झालीच. कोकणात त्यांनी लहानपणापासून तसंच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ठसठशीत अक्षरांत आलं : 'पहिला मजला. चि. सौ. कां. कुंदा पेडणेकर हिचा विवाह ठाण्यास निश्चित.'

मंगळवारी मुलाचा काका आला. पत्रिकेबद्दल काही शंका होती, ती विचारायला. जिन्यापाशी त्यानं फळा वाचला. वर गेला तो आवाज चढवूनच. "आम्ही अजून हो म्हटलं नाही आणि तुम्ही जाहिरात लावलीत? आम्हांला अडकवता काय?" पाच मिनिटांत तो गेला आणि ते स्थळही गेलं.

वालावलकरकाका हादरले. रात्री जेवले नाहीत, आणि सकाळी त्यांच्या मते जे योग्य होतं ते त्यांनी केलं. रेडिओवर चूक झाली की दुरुस्ती सांगतात. त्यांनी लाल खडूनं लिहिलं : 'दुरुस्ती. कुंदा पेडणेकर हिच्या विवाहाची बातमी चुकीची होती. विवाह ठरलेला नाही. दिलगीर आहोत.' ज्यांनी पहिली बातमी वाचली नव्हती, त्यांनीही ही वाचली.

वहिनी खाली आल्या. ओल्या फडक्यानं त्यांनी फळा पुसला आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, तुमच्या रेडिओला सांगा, गरिबाच्या घरात कान घालू नको म्हणावं."

त्यानंतर चाळीनं जणू ठरवूनच दारं लावली. काका चार वाजता वही घेऊन निघत. "काही विशेष?" आतून उत्तर यायचं, "काही नाही." पुढचं दार, "काही नाही." सोळा खोल्यांमध्ये कुणाचं काही होतच नव्हतं. आईनंही मला बजावलं, "आपल्या घरातलं काही बोलू नकोस हो त्यांच्यापाशी." मी बोललो नाही. चटईवरची माणसं गेली. फळ्यावर नळ, कोळसा, डीडीटी आणि दिल्ली एवढंच उरलं. वहीसुद्धा हळूहळू बंद झाली. संध्याकाळी भिंतीपलीकडून रेडिओ ऐकू यायचा आणि त्यातल्या नमस्काराला दिलेलं त्यांचं उत्तर. मी भिंतीच्या अलीकडे जेवत असायचो. उठून दोन पावलं जावं असं मला एकदाही वाटलं नाही, हे आता लिहितानाही बरं वाटत नाही.

मे महिना आला. चाळीतल्या बायकांनी पापड लाटून अंगणात खाटांवर वाळत घातले. दोन दिवसांचं लाटण, नऊ घरांचे पापड. आणि भर दुपारी डीडीटीवाले पंप पाठीला बांधून आले आणि अंगण, गटार, खाटा, पापड, सगळ्यावर पांढरा फवारा मारून गेले. बायका धावत खाली येईतो सगळं संपलं होतं.

"फळ्यावर कसं नव्हतं?" आई ओरडली. तेव्हा कुठे सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर तीन दिवसांपूर्वीची नळाची वेळ होती. तीन दिवस तो माणूस कुणालाच दिसला नव्हता, आणि ते कळायला पापड जावे लागले.

मला आत पाठवण्यात आलं. दार नुसतं लोटलेलं होतं. काका खाटेवर पडले होते, अंग तापानं फणफणलेलं. रेडिओ हळू आवाजात चालू होता.

"काका, हाक तरी मारायची! भिंतीला भिंत आहे आपली."

"काय म्हणून मारू?" ते म्हणाले. त्या बोलण्यात एकही स्वल्पविराम नव्हता. "डीडीटीवाले येऊन गेले ना? माका म्हायत होतां रे. पण उठाक जमलां नाय."

मी पाणी दिलं. ते घोटभर प्यायले आणि छताकडे बघत म्हणाले, "त्या बातम्यांचं मला काय लोणचं घालायचं होतं, वसंता? कुणाचा फणस नि कुणाची सासू. पण बातमी विचारायची म्हटली की दार वाजवता येतं. नुसतंच कसं वाजवायचं? उघडल्यावर सांगू काय, की मी असाच आलो?"

मी रेडिओ बंद करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. कुणीतरी बोलत असू दे घरात."

बाहेर येऊन मी हे आईला सांगितलं. पेडणेकरवहिनी शेजारी खराब पापड गोळा करत होत्या. अर्ध्या तासानं पेजेचं भांडं घेऊन त्याच खाली आल्या. पुढे आठ दिवस कुणी ना कुणी जात राहिलं. पण काका बरे झाल्यावर पुन्हा वही घेऊन निघाले नाहीत. फळ्यावर नळ आणि कोळसा लिहीत. मी अधूनमधून संध्याकाळी जाऊन बसू लागलो.

अशाच एका संध्याकाळी बातम्या चालू असताना पेडणेकरवहिनी दारात आल्या. काकांनी रेडिओ बंद केला. बातम्यांच्या मध्ये त्यांनी तो बंद केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"भावजी, आमच्या कुंदाचं ठरलं. बोरिवलीचा मुलगा आहे, मास्तर आहे शाळेत. काल सुपारी फुटली. गावाला माझ्या भावालाही अजून कळवलेलं नाही. म्हटलं, आधी तुम्हांला सांगावं."

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. "बरां झालां," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. वहिनी गेल्या तरी चष्मा पुसणं चालूच होतं.

मीच उत्साहानं उठलो. "काका, खडू द्या. मी लिहितो फळ्यावर. ह्या वेळी तर पक्की बातमी आहे!"

"खाली बस," ते म्हणाले. "ही बातमी न्हय रे वसंता. ह्या माका घरचो म्हणान सांगितल्यानी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघताना फळा बघितला. नळ साडेपाचला येणार होता आणि वखारीत कोळसा सुका होता.