काम तेच, माणूस कोणाचा?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लिफ्टमध्ये ‘आउटसोर्सिंग’ हा शब्द काढायचा नाही, असा अलिखित नियम आहे. शेजारच्या परबकाकांनी तो ऐकला, की आपला मजला आला तरी ते लिफ्टचं दार सोडत नाहीत.

काका अंधेरीला एका परदेशी कंपनीत होते. “मेल्या, आउटसोर्सिंग म्हणजे परक्याला ठेका! आमचं शेअर्ड सर्व्हिस. बारा देशांतल्या शाखांचं काम एका जागी, पण करणारे कंपनीचेच. घरचे! काम तेच रे, माणूस कोणाचा?” हा प्रश्न त्यांनी आमच्या भटजींनाही विचारलाय.

शेवटी कंपनीने ते काम खरोखरच ठेक्याने दिलं. खुर्ची तीच, चहाही तोच बेचव. फक्त ओळखपत्राची निळी पट्टी पिवळी झाली. काकांनी आठवड्यात राजीनामा दिला आणि आमच्या मजल्यावर शेअर्ड सर्व्हिस सुरू केली. आमची वाट लागली.

गणपतीत पाचही घरांच्या मोदकांचे नारळ आमच्याकडे खवायचे ठरले. ठरवलं अर्थात काकांनी. बायको खवून टेकीला आली, तोच काका वही घेऊन दारात. “खोबरं जाड. तक्रार क्रमांक दोन.”

“आणि पहिली?”

“उशीर.”

दार लागल्यावर बायको म्हणाली, “आधी या माणसालाच आउटसोर्स करा कुणीतरी!” मी पोट धरून हसलो.

गेल्या महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काकू कधीच गेल्या, मुलगा टोरांटोला. चौकशीला गेलो, तर एजन्सीची बाई त्यांच्या डोळ्यांत औषध घालून निघत होती. मुलाने तिकडूनच ठरवलेली.

“हात हलका आहे बाईचा,” काका म्हणाले. “तक्रार नाही.” काका आणि तक्रार नाही? मग हळूच म्हणाले, “झिलान माका आउटसोर्स केल्यान रे.”

बायकोचं वाक्य आणि माझं हसणं आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाईला उद्यापासून नको म्हणून सांगा,” मी म्हटलं. “सकाळी मी येतो, संध्याकाळी ही येईल.”

सकाळी गेलो, तर भिंतीवर तक्ता तयार. एका डोळ्याने आखलेला, वाकडातिकडा.

“आठ वाजून चार मिनिटं. तक्रार क्रमांक तीन. सही कर.”

मी पेन उचललं. माझ्या नावापुढे ‘माणूस कोणाचा’ असा रकाना होता. त्यात काकांनी आधीच लिहून ठेवलं होतं: घरचो.